नाशिकला स्वतःचा मानवी हक्क आयोग का नको?

मंडळी, मानवी हक्क आयोग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पोलीस कोठडी, एन्काउंटर, तुरुंग असलंच काहीतरी येतं, आणि ते चूक नाही, आपल्याकडचा आयोग मुख्यतः तेच बघतो. कायदा १९९३ चा, त्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रीय आयोग आला, महाराष्ट्राचा आयोग सुरू व्हायला २००१ उजाडलं आणि तो बसतो मुंबईत. त्या कायद्यातलं कलम १२ वाचा. सरकारी नोकराने हक्क मोडला, किंवा दुसरं कोणी मोडत असताना तो हातावर हात ठेवून बसला, तर आयोग चौकशी करणार. म्हणजे पोलिसाने मारलं तर दाद आहे, पण फ्लॅट नाकारला तर? घरमालक काय सरकारी नोकर असतो थोडाच.

आता गंगापूर रोड घ्या, इंदिरानगर घ्या, कुठेही भाड्याने टू बीएचके शोधायला लागा. एजंट बजेट विचारतो, फॅमिली की बॅचलर विचारतो, मग आवाज जरा खाली आणून, "सर, आडनाव काय आपलं?" माझ्याकडे ज्युनिअर म्हणून काम करणाऱ्या पोराने माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला होता. आडनाव सांगितलं तसा एजंट गप्प, मग म्हणतो, "अच्छा... सर ते ओनर ना, प्युअर व्हेज आहेत." पोरगं म्हणालं, अहो मी अंडंसुद्धा खात नाही. "तसं नाही सर, मी बघतो, कळवतो." कळवतो म्हणजे काय ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहितीये! कोणी शिवी दिली नाही, तोंडावर नाही म्हटलं नाही, कागदावर तर काहीच नाही. तक्रार लिहायची म्हटली तर कशाची लिहिणार?

न्यूयॉर्कमध्ये याच फोनचं काय होतं बघा. तिथे १९४३ ला हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत दंगल झाली, दुसऱ्या वर्षी महापौर ला गार्डिया यांनी एक समिती नेमली, वेगवेगळ्या समाजांनी एकमेकांशी बोलावं म्हणून. १९५५ ला त्यातून रीतसर आयोग झाला, आणि १९५७ मध्ये शहराने खासगी घरं विकताना, भाड्याने देताना होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा केला. शहराने हं, देशाने नाही. आज तो आयोग चक्क टेस्टिंग करतो, म्हणजे सारखाच पगार, सारखंच कुटुंब, फक्त ओळख वेगळी अशी दोन माणसं एकाच एजंटकडे पाठवायची आणि कोणाला काय उत्तर मिळतं ते लिहून घ्यायचं. आमच्या पोरानंतर दहा मिनिटांनी कोणी कुलकर्णी म्हणून फोन केला असता तर पुरावा तयार! दंड सव्वा लाख डॉलरपर्यंत, जाणूनबुजून केलं असेल तर अडीच लाखापर्यंत. सगळं आलबेल आहे असं नाही, तिथेही तक्रारी रेंगाळतात, लोक वैतागतात, पण दार ठोठवायला दार तरी आहे. २०२३ मध्ये सिएटलने जातीवरून भेदभावाला बंदी घातली, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. आपली जात विमानाने तिकडे पोचली, मागोमाग कायदा पोचला, आणि इकडे आपण अजून "प्युअर व्हेज" ऐकतोय.

आपल्याकडे विविधतेसाठी शहरात काय आहे तर शांतता समिती. गणपती आणि ईदच्या आधी पोलीस स्टेशनला बैठक, चहा-बिस्किट, तीच ती माणसं, मिरवणुकीचा मार्ग ठरतो, फोटो निघतो. मी टिंगल करत नाहीये, त्या बैठकांनी वेळ निभावते, पण सण संपला की समिती संपली, आणि घर शोधणाऱ्याला त्या समितीचा काय उपयोग?

आणि हे नाशिक आहे हो. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, ते शरणपूर १८५४ च्या सुमाराला मिशनऱ्यांनी वसवलं, गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायची. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर इंग्लंडला गेला. आणि १९३० ला २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह इथेच सुरू झाला, तो वर्षानुवर्षं चालला. नंतर घटना आली, तिच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते आणि स्नानाचे घाट नाव घेऊन लिहिलेत. म्हणजे रामकुंडावर तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. भाड्याचं घर मात्र त्या यादीत नाही. उलट २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका पारशी हाउसिंग सोसायटीचा फक्त पारशांनाच मेंबर करायचा नियम वैध धरला. २००६ ला मुस्लिम समाजाची परिस्थिती तपासणाऱ्या सच्चर समितीने समान संधी आयोग सुचवला, तोही झाला नाही.

खासगी माणसाच्या वागण्यात कायदा कसा शिरणार असं विचारतात. अहो शिरलाय की! २०१३ मध्ये याच शहरात जातीबाहेर लग्न केलं म्हणून बापाने गरोदर मुलीचा जीव घेतला, त्यानंतर जातपंचायतींविरुद्धची चळवळ इथून पेटली आणि राज्याने २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा केला. तेव्हा शहर आयोग हवा असेल तर मागणी महापालिकेकडे नको, विधानसभेकडे करा, कारण अधिकार तिथून यायला हवेत. नुसतं ठराव करून बोर्ड लावला तर अजून एक शांतता समिती होईल.

तोवर एक वाट आहे, वकील म्हणून सांगतो. सोसायटीने जात-धर्म बघून मेंबरशिप अडवली तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. तो उपनिबंधक सरकारी नोकर आहे, त्याने काहीच केलं नाही तर ते कलम १२ मधलं हातावर हात ठेवणं झालं असं म्हणून तुम्ही राज्य आयोगाकडे जाऊ शकता. फी नाही, वकीलही लागत नाही, निकाल म्हणजे शिफारस असते एवढं धरून चाला. फक्त घटनेला वर्ष उलटायच्या आत अर्ज गेला पाहिजे, नंतर आयोगाला हात घालता येत नाही. अर्जाचा नमुना मी झेरॉक्स करून आणलाय, जाताना टेबलावरून घ्या.