सुई दिली अन् पेशंट बिघडला? कॅज्युअल्टीतल्या सिस्टरांसाठी

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ कॅज्युअल्टीत ड्युटी करणाऱ्या सिस्टर-ब्रदरांसाठी.

कपाशीवर फवारणीचे दिवस. चोपडा, शिरपूर, शहादा, कुठूनही गाडी येते. पेशंटच्या तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मागे गाडीभर नातेवाईक. कीटकनाशकाच्या विषबाधेवरचं औषध, अ‍ॅट्रोपिन, सुरू होतं, दर काही मिनिटांनी डोस, छातीतली घरघर थांबेपर्यंत. मग चेहरा लालबुंद होतो, तोंड कोरडं पडतं, कधीकधी पेशंट बडबडतो, हातपाय झाडतो. हा औषधाचा परिणाम, त्यावर आपली नजर असतेच. पण भावाला काय दिसतं? सिस्टरने सुई दिली अन् माणूस बिघडला. हात उगारला जातो तो इथे.

म्हणून पहिल्या डोसआधीच सांगून टाका. अहिराणी येत असेल तर अहिराणीतच: "दादा, आते तो बडबड करी, घाबरू नका." निम्मा राग तिथेच उतरतो, माझं तरी असंच मत आहे.

गर्दीशी बोलू नका, घरातला एक माणूस धरा. नवीन काही नसलं तरी दर दहा-पंधरा मिनिटांनी त्याला गाठा. "शांत बसा" म्हटल्यावर कुणी शांत बसलेलं मला माहीत नाही. आणि मृत्यूची बातमी डॉक्टरांनीच सांगायची. "सिस्टर, तुम्हीच सांगा ना" म्हणाले, तर सरळ नाही म्हणा.

आवाज चढला, येरझारा वाढल्या, मोबाईलचा कॅमेरा सुरू झाला, की कात्री-ट्रे तिथून हलवा आणि दार आपल्या बाजूला ठेवून उभ्या राहा. मदतीसाठी खुणेचा शब्द आधीच ठरवून ठेवा.

मार बसलाच तर? आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "तू काय बोललीस त्याला?" इन्चार्ज सिस्टर, हात जोडते, हा प्रश्न विचारू नका. तिला बाजूला बसवा, लागलंय का बघा, तिचे पेशंट दुसऱ्या कुणाकडे द्या. ती घरी जाऊन एकटीच रडणार असेल, तर तिला ड्युटी संपायच्या आधी बोलतं करा.

आणि लेखी द्या. महाराष्ट्रात दवाखान्यातल्या हल्ल्यांविरुद्ध 2010 चा कायदा आहे, त्यात नर्सही येतात. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, 3 वर्षांपर्यंत कैद. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने वैद्यकीय महाविद्यालयांना कळवलं, की 6 तासांत संस्थाप्रमुखाने एफआयआर नोंदवायचा. म्हणजे पोलीस ठाण्याच्या बाकावर तुम्ही एकटीने बसायचं नाही, साहेबांनी जायचं.