डिटॉक्स नावाचं भिजत घोंगडं

नमस्कार. माइक येतोय ना मागपर्यंत? बरं. आयोजकांनी मला सांगितलं की तुमच्या आवडीच्या एका अल्बमवर बोला, आणि मी असा अल्बम निवडलाय जो आलाच नाही, त्यामुळे ऐकवणार काय हा प्रश्न तुमच्याआधी त्यांनाच पडला होता. पण मी गेली बरीच वर्षं मिक्सिंगचं काम करतो, म्हणजे लोक गाणी रेकॉर्ड करून आणतात आणि मी आवाज जागच्या जागी बसवतो, आणि आमच्या धंद्यात या न आलेल्या अल्बमबद्दल जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या आलेल्यांबद्दल पण होत नाहीत. डॉक्टर ड्रेचा 'डिटॉक्स'.

ज्यांना हिप-हॉपचं काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. डॉक्टर ड्रे म्हणजे आंद्रे यंग, रॅपर आणि प्रोड्युसर, म्हणजे गाणं घडवून घेणारा माणूस, जन्म 1965, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला कॉम्प्टन नावाचं गाव आहे तिथला. आधी एन.डब्ल्यू.ए. नावाचा रॅप ग्रुप, मग त्यातून भांडून बाहेर, मग डिसेंबर 1992 मध्ये 'द क्रॉनिक', ज्याने अख्ख्या वेस्ट कोस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रॅपचा आवाज ठरवला. तो काढणाऱ्या डेथ रो कंपनीतूनही मग बाहेर, 1996 ला स्वतःची आफ्टरमॅथ कंपनी, आणि नोव्हेंबर 1999 मध्ये '2001' नावाचा अल्बम. हो, आला 1999 ला आणि नाव 2001. खरं तर 'क्रॉनिक 2000' ठेवायचं होतं, पण जुन्या कंपनीने तेवढ्यात त्याच नावाचं एक कलेक्शन काढून टाकलं. म्हणजे तारखांशी या माणसाचं पहिल्यापासून वाकडंच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण नाहीतर कोणीतरी उठून विचारेल आणि विचारायलाच हवं. 1991 मध्ये ड्रेने एका टीव्ही पत्रकार बाईला मारहाण केली होती, कोर्टात ते प्रकरण झालं, आणि 2015 मध्ये त्याने ज्या बायकांना त्रास दिला त्यांची जाहीर माफी मागितली. चोवीस वर्षांनी. मी इथे त्याच्या कानाचं कौतुक करणारे, माणसाचं नाही.

आता कान म्हणजे काय ते ऐकूया. हे '2001' मधलं 'स्टिल डी.आर.ई.'.

(गाणं वाजतं.)

थांबवतो. काय ऐकलंत? पियानोचे तेच तेच सूर, स्कॉट स्टॉर्च नावाच्या माणसाने वाजवलेले, आणि ते गाणं संपेपर्यंत जवळजवळ बदलत नाहीत. खाली बेस, त्यावर ड्रमचे दोन ठोके, किक आणि स्नेअर, मधूनमधून तंतुवाद्यं. बस. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच गोष्टी आहेत. आता हेच गाणं तुम्ही पुण्यातल्या रिक्षात, सीटच्या मागे लावलेल्या त्या दोन निळ्या लाइटवाल्या स्पीकरवर ऐका, किक तिथेही पोटातच लागते, आणि पियानो तिथेही स्वच्छ. मी सांगतो हे किती अवघड आहे. आमच्याकडे पोरं येतात, एका गाण्यात ऐंशी ऐंशी ट्रॅक घेऊन येतात, आणि मग म्हणतात दादा जरा मोठं वाजव की. अरे मोठं कसं वाजणार, जागाच नाहीये! ड्रेचं कसब हे की तो काढून टाकतो. जे उरतं त्याला ऐसपैस बसायला जागा मिळते, आणि ते मोठं वाटतं.

आणि तो एकट्याने हे करत नाही, हे फार लोकांना माहिती नसतं. वादक असतात, बेसवर माइक एलिझोन्डोसारखे लोक, रॅपचे शब्दही बऱ्याचदा दुसऱ्याचेच, आत्ता ऐकलंत त्या गाण्याचे शब्द जे-झी नावाच्या रॅपरने लिहिलेत. मग ड्रे करतो काय? तो ठरवतो. हे ठेव, ते काढ, ही ओळ परत म्हण, आणखी एकदा, आणखी एकदा. त्याच्याबरोबर काम केलेले सगळे हेच सांगतात की एकेका ओळीवर तो घामटा काढतो. आपल्या जुन्या नाट्यसंगीताच्या तालमी आठवा, एका जागेवर तीन तीन तास. तसं.

तर 2002 साली या माणसाने जाहीर केलं की आता शेवटचा अल्बम, नाव 'डिटॉक्स'. पहिल्याचं नाव क्रॉनिक, म्हणजे जबरदस्त गांजा, आणि शेवटच्याचं व्यसनमुक्ती. झकास. कल्पना अशी की सुपारी घेऊन खून करणाऱ्या एका माणसाची गोष्ट अख्ख्या अल्बमभर सांगायची.

इथे थोडं विषयांतर करतो, पण आपल्या घरचं आहे. त्याच 2002 मध्ये आफ्टरमॅथकडून ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं एक गाणं आलं, 'ॲडिक्टिव्ह', म्हणजे परत व्यसनच. आणि त्या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोण गातंय? लताबाई! 'ज्योती' सिनेमातलं 'थोडा रेशम लगता है', 1981 चं, संगीत बप्पी लाहिरी. डीजे क्विक नावाच्या प्रोड्युसरने ते उचललं, ना परवानगी ना नाव. गाणं अमेरिकेच्या टॉप टेनमध्ये गेलं आणि मग सारेगामा कंपनी आणि बप्पीदा कोर्टात गेले. 2003 च्या सुरुवातीला तिथल्या कोर्टाने सांगितलं की बप्पी लाहिरींचं नाव टाकल्याशिवाय ही सीडी विकायची नाही. म्हणजे जो माणूस बाहेरची कुठलीच चूक कानाआड जाऊ देत नाही त्याच्या कंपनीतून हे सुटलं. असो. माझ्या आईला मी ते गाणं ऐकवलं होतं, ती म्हणाली ढोलक कोणी बिघडवला.

त्या गाण्यात रॅप कोणाचा होता माहितीये? रकीमचा. रकीम म्हणजे या क्षेत्रातलं पूज्य नाव. तो आफ्टरमॅथला आला होता, ड्रे आणि रकीम मिळून अल्बम करणार म्हणून लोक वेडे झाले होते. तो अल्बमही आला नाही. 2003 मध्ये रकीम निघून गेला. पुढे स्टॅट क्वो आला, बिशप लमॉन्ट आला, त्यांचे अल्बम पण तिथून आलेच नाहीत. म्हणजे डिटॉक्स हे एकटं घोंगडं नाहीये, त्या दांडीवर बरीच भिजत पडलीयेत.

मग ड्रेकडून पूर्ण काय झालं? दुसऱ्या रॅपर्सचे अल्बम. 50 सेंटचा पहिला मोठा अल्बम, 2003. द गेमचा, 2005. 2012 मध्ये केंड्रिक लमार. आणि त्याआधीपासून एमिनेम होताच. मी ही यादी खूप वेळा बघितली आणि मला त्यात एकच गोष्ट दिसते, या सगळ्यांना स्वतःला घाई होती. 50 सेंटला गोळ्या लागलेल्या, आधीच्या कंपनीने हाकललेलं, तो काय ड्रेचा स्नेअर परफेक्ट होईपर्यंत थांबणारे होय? दुसऱ्याची घाई आली की ड्रेचं काम संपतं. स्वतः ड्रेला जेव्हा घाई होती तेव्हा त्याचंही संपायचं. 'क्रॉनिक' च्या वेळी एन.डब्ल्यू.ए. मधून बाहेर पडलेला, कोर्टकचेऱ्या चालू. '2001' च्या वेळी आफ्टरमॅथचे पहिले प्रयत्न फार चालले नव्हते, लोक म्हणायला लागले होते की संपला हा, आणि म्हणून त्या गाण्याच्या नावात 'स्टिल' आहे, म्हणजे अजून आहे मी. 2002 नंतर त्याला सिद्ध काय करायचं होतं?

नाटकवाल्यांना हे बरोबर कळेल. तालीम किती पण करा, शेवटी तिसरी घंटा होते आणि पडदा जातो, तुमची तयारी झाली असो नसो. डिटॉक्सची तिसरी घंटा वाजवायला कोणी नव्हतंच.

मग जे सुरू झालं ते बघा. 2004 मध्ये म्हणाला सोडून दिलं, आता माझ्या आर्टिस्टकडे लक्ष देणार. त्याच वर्षी कंपनी म्हणते नाही नाही, पुढच्या वर्षी येतोय. ते वर्ष गेलं. त्याच्याबरोबर काम करणारा प्रत्येकजण मुलाखतीत सांगायचा की मी ऐकलंय, भयंकर आहे, येतोय, आणि आम्ही इकडे सायबर कॅफेत बसून ते वाचायचो, तासाला वीस रुपये. 2008 मध्ये त्याचा विशीतला मुलगा गेला, त्या वर्षाबद्दल मी काही बोलणार नाही.

2009 चा किस्सा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॉक्टर पेपर नावाचं एक कोल्ड्रिंक आहे अमेरिकेत. याच कंपनीने 2008 मध्ये जाहीर केलं होतं की गन्स अँड रोझेसचा 'चायनीज डेमॉक्रसी' जर या वर्षात आला, तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला आमच्याकडून एक फुकट. तो अल्बम पण वर्षानुवर्षं रखडलेला, त्यामुळे कंपनीला वाटलं असणार कुठे येतोय. आणि तो आला! नोव्हेंबर 2008. कूपनसाठी लोकांची एवढी झुंबड की वेबसाइटच बसली, बँडच्या वकिलांनी कंपनीला पत्र पाठवलं. आता एवढं तोंड पोळल्यावर पुढच्या वर्षी याच कंपनीने जाहिरातीत कोणाला घ्यावं? डॉक्टर ड्रेला. जाहिरातीत तो बसून सांगतो की सावकाश घ्या, सावकाश घेतलेलंच चांगलं लागतं, आणि मागे डिटॉक्समधली म्हणून एक धून वाजते. काही सेकंद. आम्ही ते काही सेकंद किती वेळा ऐकले असतील, विचारू नका. मी तर ते कापून लूप करून ठेवलं होतं.

2010 मध्ये जे-झीबरोबरचं एक अर्धवट गाणं लीक झालं. मग नोव्हेंबरात अधिकृत 'कुश', स्नूप डॉग आणि एकॉनबरोबर. 'कुश' पण गांजाच, व्यसनमुक्तीच्या अल्बमचं पहिलं गाणं! मग फेब्रुवारी 2011 मध्ये 'आय नीड अ डॉक्टर', एमिनेम आणि स्कायलर ग्रे. ते अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं. एमिनेम त्यात अक्षरशः गुरूची कॉलर धरतो, की तू मला उभं केलंस, आता तू कुठे झोपलायस, ऊठ. मला वाटतं कुठल्याही शिष्याने गुरूला एवढ्या जाहीरपणे झापलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

पण आता मी एक गोष्ट सांगतो ती नीट ऐका. 'कुश' चा बीट, म्हणजे शब्दांमागचं संगीत, कोणाचा? डीजे खलीलचा. 'आय नीड अ डॉक्टर' चा? ॲलेक्स द किडचा. ज्याला जग सगळ्यात मोठा प्रोड्युसर म्हणतं त्याच्या शेवटच्या अल्बमची दोन्ही गाणी दुसऱ्या प्रोड्युसरनी बनवलेली! मला हे पहिल्यांदा क्रेडिट वाचताना दिसलं तेव्हा मी घरात मोठ्याने च्यायला म्हणालो होतो. कारण मला तेव्हाच कळलं की हा अल्बम येत नाही. पान लावायला बसलेल्या माणसाने समोरच्या टपरीवरनं पान मागवलं तर तुम्ही काय समजाल?

दरम्यान पैशांची बाजू पण बदलली. जिमी आयोव्हिन नावाच्या रेकॉर्ड कंपनीवाल्याबरोबर ड्रेने बीट्स हेडफोनची कंपनी काढली, आणि 2014 मध्ये ॲपलने ती तीन अब्ज डॉलरला घेतली. काही लोक म्हणतात की हेडफोनमुळे अल्बम मागे पडला. मला नाही पटत. हेडफोनच्या बाबतीत ठरलेल्या दिवशी माल दुकानात जावाच लागतो, तिथे काम होतंच. अल्बमच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं. जाता जाता, त्या सुरुवातीच्या हेडफोनमध्ये बेस इतका फुगवलेला होता की आम्ही त्यावर मिक्स करायला कधीच तयार नव्हतो. ज्याने बेस जागेवर बसवायला शिकवलं त्याच्याच नावाचे हेडफोन! चालायचंच.

ऑगस्ट 2015. त्याने स्वतःच्या रेडिओ शोवर सांगून टाकलं की डिटॉक्स नाही येणार, मला तो आवडलाच नाही, खूप मेहनत केली पण चांगला झाला नाही, आणि तसलं काही मी माझ्या लोकांना देऊ शकत नाही. तेरा वर्षं! आणि त्याच श्वासात म्हणाला की दुसरा अल्बम तयार आहे. 'कॉम्प्टन', 7 ऑगस्टला आला. कसा काय तयार झाला? कारण एन.डब्ल्यू.ए. वर सिनेमा येत होता, त्याच महिन्यात, तारीख ठरलेली, थिएटरं बुक. वाजली ना घंटा. त्यात अँडरसन पाक नावाच्या तेव्हा फारशा कोणाला माहिती नसलेल्या गायकाला त्याने सहा गाण्यांत घेतलं, त्या पोरालाही अर्थातच घाई होती. 'कुश' आणि 'डॉक्टर' दोन्ही त्यात नाहीत. अल्बम चांगला आहे, थोडा गर्दीचा वाटतो मला, '2001' सारखी हवा नाही खेळत त्यात. पण आहे. हातात आहे.

प्रश्न विचारताय? बोला काका. ... काका विचारतायत की मग ती तेरा वर्षांची गाणी गेली कुठे, कुठल्यातरी हार्ड डिस्कवर असतीलच की. असणारच. आता गंमत बघा, डिसेंबर 2021 मध्ये जीटीए ऑनलाइन या व्हिडिओ गेममध्ये एक भाग आला, त्यात स्वतः ड्रे आहे, आणि गोष्ट काय, तर त्याचा फोन चोरीला गेलाय आणि त्यात त्याची न आलेली गाणी आहेत. ती तुम्ही शोधून द्यायची. म्हणजे स्वतःवरच केलेला विनोद आहे, आणि त्या निमित्ताने नवी गाणीही आली, कारण गेमलाही तारीख असते. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, भाच्याकडून त्याचा कंट्रोलर मागून घेतला आणि रात्री दोनपर्यंत बसून ती सगळी मिशन पूर्ण केली. फोन परत केला. मग गेममधल्या गाडीत बसून ती नवी गाणी लावली, डोळे मिटून ऐकत होतो, की यात ती कोल्ड्रिंकच्या जाहिरातीतली धून कुठे सापडते का. भाचा मागून म्हणाला, मामा गाडी चालव ना, पोलीस आलेत.