मेलेल्या दातात पुन्हा जीव

(दृश्य: शाळेचं मैदान, मधल्या सुट्टीत धावणारी मुलं)

आठ वर्षांचं मूल खेळताना पडतं आणि वरचा पुढचा दात आपटतो. दात जागेवरच असतो, रक्तही थांबतं. घरचे निर्धास्त होतात. पण काही आठवड्यांनी तो दात करडा दिसू लागतो, कधी वर हिरडीवर पुळी येते. त्या धक्क्यात मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात आणि दाताच्या आतला पल्प, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गाभा, मेलेला असतो.

मोठ्या माणसाच्या अशा दाताचं रूट कॅनल करतात. आतली पोकळी साफ करून ती रबरासारख्या गटापर्चाने भरली की दात पुढे अनेक वर्षं काम देतो. मुलांची गोष्ट वेगळी. पुढचा कायमचा दात सातव्या-आठव्या वर्षी हिरडीबाहेर येतो, तेव्हा त्याचं मूळ अर्धवटच असतं. ते पुरं व्हायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात, आणि त्यासाठी पल्प जिवंत असावा लागतो. पल्प मेला की मूळ आहे तिथेच थांबतं. आखूड, पातळ भिंतींचं, टोकाशी उघडं. डॉक्टर त्या उघड्या टोकाशी एमटीए नावाच्या सिमेंटचं बूच बसवतात. संसर्ग आटोक्यात येतो, पण भिंती पातळच राहतात, आणि पुढच्या एखाद्या धक्क्यात दात हिरडीपाशी मोडायची भीती कायम असते.

आयुष्यभर वापरायचा दात आठव्या वर्षी असा अडकून पडावा, हे मान्य न करणाऱ्या संशोधकांची ही गोष्ट आहे.

(दृश्य: दाताचा उभा छेद)

वरचं पांढरं कवच म्हणजे एनॅमल. त्याखाली डेंटिन. डेंटिनमध्ये एक ते तीन मायक्रॉन रुंदीच्या असंख्य नळ्या असतात, आणि त्यांच्या आतल्या तोंडाशी ओडोंटोब्लास्ट पेशींची एक ओळ. डेंटिन तयार करतात त्या याच पेशी. त्यांना पोसणारं रक्त येतं ते मुळाच्या टोकातून. मोठ्या माणसात ते छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. कडक भिंतींची खोली आणि आत यायला एवढीच वाट. नवा पल्प उगवायचा तर खरी अडचण इथे आहे. पेशी मिळतील, पण त्यांच्यापर्यंत रक्त कसं पोहोचवायचं?

नॉर्वेच्या नायगार्ड-ऑस्टबी यांनी 1961 मध्ये एक साधा विचार मांडला होता: साफ केलेल्या मुळात मुद्दाम रक्त येऊ द्यायचं, त्याची गुठळी होऊ द्यायची आणि तिच्यात ऊती वाढते का ते पाहायचं. थोडी वाढली, पण तो पल्प नव्हता. पल्पमध्ये मूलपेशी, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या स्टेम सेल्स, असतात हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. ते कळलं 2000 मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सोंगताओ शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढून टाकलेल्या अक्कलदाढांच्या पल्पमधून त्या वेगळ्या केल्या. 2003 मध्ये याच गटाला पडलेल्या दुधाच्या दातांतही त्या सापडल्या. एका दातात जेमतेम 12 ते 20, पण झपाट्याने वाढणाऱ्या.

(दृश्य: दंतचिकित्सालय, खुर्चीवर एक मुलगी)

2004 मध्ये बँक्स आणि ट्रोप या दंततज्ज्ञांनी जुन्या रक्ताच्या गुठळीला नवं रूप दिलं. आज या उपचाराला रिव्हॅस्क्युलरायझेशन म्हणतात. त्यातले बारकावे पाहण्यासारखे आहेत, कारण प्रत्येक बारकावा पेशींना जपण्यासाठी आहे. मूळ धुण्याचं सोडियम हायपोक्लोराइट सौम्य ठेवतात, तीव्र द्रावणाने टोकाजवळच्या मूलपेशी मरतात. मग काही आठवडे औषध आत ठेवतात. पुढच्या भेटीत भूल देताना अॅड्रेनालिन नसलेलं औषध वापरतात. अॅड्रेनालिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि इथे तर रक्त हवंय. ईडीटीए नावाच्या द्रावणाने धुतलं की डेंटिनमध्ये अडकून राहिलेले वाढघटक, म्हणजे पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं, मोकळे होतात. शेवटी फाइल नावाचं सुईसारखं बारीक अवजार टोकापलीकडे नेऊन रक्त आणतात, आणि त्या रक्ताबरोबर टोकाजवळच्या मूलपेशीही आत येतात.

अनेक मुलांत मूळ लांब होतं, भिंती जाड होतात. पण अशा काही दातांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा आत पल्पऐवजी बरेचदा हाडासारखी आणि मुळावरच्या सिमेंटमसारखी ऊती दिसली. दात टिकला, हे मोलाचंच. पण डेंटिन घडवणारी ती ओळ परत आली नव्हती.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंचं जाळं)

नॅनोतंत्रज्ञान येतं ते इथे. वेलीला मांडव लागतो तसा पेशींना धरून चढायला आधार लागतो. शरीरात हा आधार कोलॅजनच्या तंतूंचा असतो, केसाच्या हजारपट बारीक. म्हणून संशोधकांनी तितकेच बारीक तंतू करायला घेतले. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जेफ्री हार्टगेरिंक यांच्या गटाने असे छोटे पेप्टाइड रेणू, म्हणजे प्रथिनांचे बारके तुकडे, बनवले, जे आपले आपण एकमेकांना जोडून नॅनोतंतू होतात आणि त्यांचं जेल बनतं. सुईतून जाणारं असल्यामुळे ते अरुंद मुळातही भरता येतं. या कामात त्यांच्यासोबत रेना डिसूझा होत्या. मुंबई विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतलेल्या डिसूझा 2020 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेच्या संचालक झाल्या. 2012 मध्ये या गटाने मूलपेशी आणि रक्तवाहिन्यांना बोलावणारे वाढघटक या जेलमध्ये मिसळून डेंटिनच्या नळकांड्यांत भरले आणि ती उंदरांच्या त्वचेखाली ठेवली. आत रक्तवाहिन्या असलेली मऊ ऊती वाढली, आणि डेंटिनच्या भिंतीला लागून ओडोंटोब्लास्टसारख्या पेशी दिसल्या. मिशिगन विद्यापीठात पीटर मा यांच्या गटाने नॅनोतंतूंचे सूक्ष्म गोळे करून, वाढघटक हळूहळू सोडत, मानवी दाताच्या पूर्ण लांबीच्या मुळात हेच साधायचा प्रयत्न केला.

(दृश्य: रुग्णालय, एक्स-रे पाहणारे डॉक्टर)

माणसांवरच्या ज्या दोन चाचण्या सर्वात महत्त्वाच्या मानल्या जातात, त्यांत मात्र नॅनोतंतू नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवं. जपानमध्ये मिसाको नाकाशिमा यांच्या गटाने पाच रुग्णांना त्यांच्याच पल्पच्या पेशी कोलॅजनमध्ये मिसळून दिल्या. 2017 मध्ये आलेला हा अहवाल 24 आठवड्यांच्या देखरेखीचा होता, आणि तिघांच्या दातात नवं डेंटिन दिसलं. चीनमधल्या शीआन इथली चाचणी मोठी होती. तिचा अहवाल 2018 चा. धक्क्याने पुढचा दात मेलेल्या 40 मुलांपैकी 30 जणांना त्यांच्याच दुधाच्या दातातल्या पेशी वाढवून दिल्या, 10 जणांना नेहमीचा उपचार. पेशी दिलेल्या 26 मुलांची वर्षानंतर तपासणी झाली, तेव्हा मुळं वाढलेली होती, टोकं अरुंद झाली होती, दातात रक्तप्रवाह आणि संवेदना आली होती. त्यातल्या एका मुलाला पुन्हा मार लागला आणि तो दात काढावा लागला. त्याच्या छेदात रक्तवाहिन्या दिसल्या, आणि डेंटिनला लागून ओडोंटोब्लास्टची ओळ. इतक्या वर्षांच्या धडपडीचं उत्तर त्या एका छेदात होतं.

जालावर "दुधाचे दात साठवा, भविष्य सुरक्षित करा" अशा जाहिराती पाहणाऱ्या पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्यावसायिक साठवणीला परवानगी आहे ती फक्त नाळेच्या रक्ताला, दाताच्या पेशींना नाही. दातासाठी मूलपेशींचा उपचार त्या तत्त्वांनुसार संशोधनातच मोडतो. असा उपचार पैसे घेऊन कुणी देऊ करत असेल तर थांबा.

रिव्हॅस्क्युलरायझेशन मात्र मुलांचे दंतवैद्य आणि रूट कॅनलचे तज्ज्ञ आजही करतात. मुलाचा दात आपटला की तो हलत नसला, दुखत नसला तरी एक्स-रे काढून घ्या, पुन्हा पुन्हा तपासायला न्या. आणि पल्प मेल्याचं निदान झालं तर मूळ भरण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: टोक अजून उघडं आहे का, आणि या दाताचं मूळ वाढू शकेल असा उपचार करता येईल का?