ठासणीची बंदूक आणि बादलीभर पाणी

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकते, आज लढाया कमी आणि धुणं जास्त आहे, त्यामुळे ज्यांना पानिपत ऐकायचं असेल त्यांनी आत्ताच चहाला जाऊन यावं. मी राहते अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात. तिकडे नाताळ झाला की फक्त चकमकीच्या बंदुकीनं हरणाची शिकार करायचा वेगळा सीझन असतो, म्हणजे ठासणीची बंदूक, तोंडातून दारू आणि गोळी गजानं ठासून भरायची ती, काही नुसती म्युझियममधली वस्तू नाही, लोक वीकेंडला गाडीत टाकून रेंजवर नेतात. मी शिकार करत नाही, कागदावर नेम मारते, आणि माझ्याकडे आहे ती एनफिल्डची नक्कल, पॅटर्न १८५३. हो, तीच, १८५७च्या उठावातली.

बार काढायला सगळ्यांनाच आवडतं हो. धूर निघतो, फोटो छान येतात. पण रेंजवरून घरी आल्यावर जे काम असतं त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि माझ्या मते बंदूक कळते ती तिथेच.

काळी दारू (बंदुकीची, हसू नका) म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. आजकालची बिनधुराची दारू जळते तेव्हा तिचा जवळपास सगळा वायू होतो, पण ही जळली की वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घन स्वरूपात उरतो. त्यातला पुष्कळसा धूर होऊन बाहेर जातो, म्हणूनच तो पांढरा ढग दिसतो, आणि बाकीचा नळीत बसतो. एनफिल्डच्या एका काडतुसात अडीच ड्रॅम दारू असायची, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास, तर तुम्हीच हिशोब करा, दहा बार काढले की वीस-पंचवीस ग्रॅम राख तयार झाली, त्यातली थोडी जरी आत राहिली तरी साडेचौदा मिलिमीटरच्या नळीला ती भरपूर होते.

आणि ही राख म्हणजे नुसता कोळसा नाही. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसं हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि मग लोखंडाला चिकटून बसलेला तो ओला खारट लेप रात्रभर आपलं काम करत राहतो. त्यात जुन्या कॅपमध्ये (घोडा आपटला की दारू पेटवणारी ती छोटी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. दमट हवेत दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत बोट घातलं तर तांबडं होऊन येतं. उद्या बघू म्हणायची सोय नाही, त्याच संध्याकाळी धुवायची, पाहुणे आलेले असोत नाहीतर मॅच चालू असो.

आता नवीन माणूस काय करतो, तर बंदूक म्हटलं की तेल, असं त्याच्या डोक्यात पक्कं असतं, आणि तो सरळ तेलाची चिंधी आत घालतो. क्षार तेलात विरघळत नाहीत, ते तेलाखाली तसेच झाकले जातात, वरून चकचकीत दिसतं आणि खाली गंज चालू. शिवाय पेट्रोलियमचं तेल आणि ही राख एकत्र आली की डांबरासारखा चिकटा होतो, तो मग काढता काढता नाकी नऊ येतात. क्षार विरघळतात पाण्यात. दुकानात शंभर प्रकारच्या बाटल्या मिळतात, रंगीत, सुगंधी, महागड्या, आणि लेबल वाचलं तर बऱ्याच जणींत मुख्य माल पाणीच. घ्यायची तर घ्या, पण मी नळाचं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब वापरते.

पद्धत सांगते. पहिलं म्हणजे बंदूक रिकामी आहे का ते बघायचं, अंदाजानं नाही. गज नळीत पूर्ण खाली सोडायचा, तोंडापाशी जिथे येतो तिथे बोटानं धरायचा, बाहेर काढून नळीच्या शेजारी लावायचा. खालचं टोक निपलच्या (ज्यावर कॅप बसते तो भोक असलेला छोटा खुंट) जवळपास पोचलं तर रिकामी, दोन-तीन इंच वरच राहिलं तर आत काहीतरी ठासलेलं आहे, मग साफसफाई राहू दे बाजूला, आधी जाणकार माणूस बोलवा.

शिकारीच्या बऱ्याच ठासणीच्या बंदुकांची नळी एका खिट्टीवर सुटते, ती काढून तिचं बूड सरळ बादलीत उभं करायचं, वरून घट्ट ओली चिंधी लावलेला गज पंपासारखा वरखाली करायचा, की निपलच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर फेकलं जातं. बघायला मजा येते. एनफिल्डला तीन पट्टे आणि मागे स्क्रू, दरवेळी नळी सोडवत बसलं तर लाकडाची वाट लागते, म्हणून ती दस्त्यासकटच धुवायची. निपलवर चामड्याचा तुकडा ठेवायचा, घोडा हळूच त्यावर टेकवायचा, झालं बूच. मग तोंडातून कोमट पाणी ओतायचं, नळीच्या निम्म्यापर्यंत, तोंडावर अंगठा दाबून उलटसुलट करायची आणि ओतून टाकायचं. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो, तो सल्फाइडचा, घरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा. दुसरं पाणी राखाडी, तिसरं-चौथं जवळपास स्वच्छ. लाकडात पाणी जाऊ नये म्हणून मी निपलच्या खालच्या बाजूला फडकं कोंबून ठेवते.

उकळतं पाणी घ्यावं असं जुने लोक सांगतात, कारण नळी तापते आणि आपोआप वाळते. खरंय, पण तापलेल्या ओल्या लोखंडावर डोळ्यांदेखत पिवळसर गंजाची साय धरते, म्हणून मी कोमटच घेते आणि वाळवायला हात चालवते. यावर आमच्या रेंजवर दोन पक्ष आहेत आणि ते एकमेकांशी फार काळ बोलत नाहीत.

मग चिंध्या. मांजरपाट धुऊन त्याचे चौकोनी तुकडे करून ठेवायचे, गजाच्या टोकाला पितळी जॅग (चिंधी धरून ठेवणारा खाचांचा तुकडा) लावायचा, त्यावर ओली चिंधी, मग कोरडी, परत कोरडी, पांढरी बाहेर येईपर्यंत. तळाशी, म्हणजे जिथे दारू पेटते तिथे, राखेचा कडक थर बसतो, तिथे गज टेकवून गोल फिरवायचा, नुसतं वरखाली करून तो निघत नाही. आणि गज नळीच्या तोंडाला घासू द्यायचा नाही. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो, ती एका बाजूनं झिजली की नेम कायमचा गेला. पितळेची छोटी बोंडी मिळते मधे भोक असलेली, ती तोंडात बसवायची आणि गज त्यातून घालायचा. निपल पान्यानं काढून वेगळं धुवायचं, भोकात पाइप क्लीनर फिरवायचा. सगळं हाताला कोरडं लागलं की मगच तेल, पातळ हात. दुसऱ्या दिवशी अजून एक कोरडी चिंधी घालून बघायची, तपकिरी आली तर पाणी कुठेतरी राहिलंय, परत सुरुवात.

आता हे सत्तावनशी कुठे जोडलंय ते सांगते. आधीची ब्राउन बेस मस्केट, नळी पाऊण इंची, गोळी जवळजवळ ०.६९ इंचाची, आत आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नाहीत, म्हणजे मोकळं ढाकळं काम, राख साचली तरी गोळी घरंगळत खाली जायची. नेम लागायचा नाही ही गोष्ट वेगळी. नेम हवा तर नळीत आटे हवेत आणि गोळी आट्यांना घट्ट बसायला हवी, पण घट्ट गोळी राखेनं भरलेल्या नळीत उतरणार कशी? एनफिल्डच्या आधीच्या, आटे असलेल्या बेकर रायफलबरोबर सुरुवातीला सैनिकांना चक्क लाकडी हातोड्या दिल्या होत्या. एनफिल्डनं वाट काढली ती अशी की गोळी थोडी लहान करायची म्हणजे ती सहज उतरते, बुडाला पोकळी ठेवायची म्हणजे बार झाल्यावर ती फुगून तीन आट्यांत बसते, आणि काडतुसाच्या कागदाला गोळीच्या बाजूनं चरबी लावायची. ती चरबी राख मऊ ठेवते, त्यामुळे प्रत्येक गोळी जाता जाता आधीच्या बाराची झाडलोट करते.

चरबी लावली होती ती नळी साफ राहावी म्हणून. पण काडतूस दातानं फाडायची कवायत तर जुनीच होती, आणि ते कोणाच्या तोंडात जाणार हा प्रश्न लष्करातल्या काही अधिकाऱ्यांनी १८५३ मध्येच काढला होता, हिंदी शिपायांच्या धर्माला चालणार नाही अशी चरबी नको असा इशाराही दिला होता, पण तो मनावर घेतला गेला नाही. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला गाय आणि डुकराच्या चरबीची बातमी पसरली, मग सरकारनं सांगितलं की चरबीविना काडतुसं देतो, तुमच्या पसंतीचं वंगण तुम्ही लावा, पुढे दाताऐवजी हातानं फाडायची मुभा दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे. उठावाची कारणं पुष्कळ होती, नुसत्या काडतुसावर खापर फोडणाऱ्यांतली मी नाही. पण वंगण लागतच होतं, हे मी स्वतःच्या नळीत पाहिलंय. कोरडी गोळी घालून बार काढत गेलं की थोड्याच वेळात गजावर दोन्ही हातांनी जोर द्यावा लागतो. मी मेण आणि साजूक तूप मिसळून लावते, चांगलं चालतं, फक्त मुंग्या येतात.

एक प्रश्न आलाय, की कोकणातल्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक आहे, पाणी घालू का. नाही, अजिबात नाही. आधी परवान्याचं काय ते बघा, नसेल तर पोलिसांशी बोला. दुसरं म्हणजे अशा बंदुका भरलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं भिंतीला टांगलेल्या सापडतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर इतकी वर्षं गेली तरी पेटते. तोंड कोणाकडेही न करता ठेवा, निपलवर कॅप दिसली तरी घोड्याला हात लावू नका, आणि आत काय आहे हे तपासायचं काम आर्मररला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला, करू द्या. गंज काढायला पॉलिश पेपर तर मुळीच नको, त्यावर कारागिराचे शिक्के असतील तर तेही जातील. पुढचा प्रश्न घ्या.