पदक चौकात, मग गाणी

श्रोतेहो, नमस्कार.

माळेगावच्या खंडोबाची यात्रा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. कुस्त्यांचा फड, हलगी कडाडतेय, पैलवानाला इनाम मिळतं ते सगळ्या गर्दीसमोर. शिवाय लावणीही असतेच. हिवाळी ऑलिम्पिकवाल्यांनी जवळपास हेच केलं, फक्त कडाक्याच्या थंडीत.

बर्फावरच्या शर्यती शहरापासून लांब, डोंगरात होतात. २०१८ साली दक्षिण कोरियात प्याँगचांगला शर्यत जिंकली की खेळाडूच्या हातात आधी पांढऱ्या वाघाचं खेळणं ठेवायचे. पदक नंतर, संध्याकाळी मेडल्स प्लाझात, म्हणजे लोकांसमोर पदकं द्यायच्या खुल्या चौकात. इटलीतल्या तुरिननं २००६ मध्ये यासाठी आपला भर शहरातला जुना चौक दिला, पिआत्सा कास्तेल्लो. पदकं दिली की तिथंच गाणी.

आता अशा गर्दीत बरीच पोरं गाण्यासाठीच घुसलेली असणार. स्कीत कोण जिंकलं, कोण हरलं, त्यांना काय त्याचं! पण नावं पुकारायला लागतात: आधी तिसरा, मग दुसरा, शेवटी पहिला. आपल्याकडंही मानाची कुस्ती शेवटीच लागते की. तीन झेंडे एकदम वर चढतात, राष्ट्रगीत मात्र एकाचंच वाजतं. तेवढ्यात गाण्याला आलेलं पोरगंही डोक्यावरची टोपी काढतं.

आता आपल्याकडचं बघा. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे घ्या. २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत धावायची शर्यत. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत होता. अविनाशनं ८ मिनिटं ११.२० सेकंदात रौप्य काढलं. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशानं! पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्णच आणलं. जन गण मन वाजलं, आणि आपण ते मोबाईलवर पाहिलं.

बरं, खेळाडू गावी आला की आपण काय करतो? सत्कार. मंचावर पुढाऱ्यांच्या खुर्च्यांची रांग, खेळाडू कडेला, हार कोमेजले तरी भाषणं चालूच. समोरची पोरं केव्हाच पांगलेली असतात.

त्यापेक्षा एक संध्याकाळ बीडला नाहीतर परभणीला मैदान मोकळं ठेवा. तिकीट नको, पास नको. खेळाडूला मधोमध उभं करा, पदक त्याच्या शाळेतल्या पीटीच्या सरांच्या हातून गळ्यात पडू द्या. राष्ट्रगीत झालं की माईक थेट शाहिराच्या हातात. मधे कुणी “दोन शब्द” बोलायला उठलंच, तर हलगीवाल्याला आधीच खुणावून ठेवा.