आधी घाई, मग दम

(पडद्यावर: अमेरिकेतलं एक गॅरेज. गॅसच्या शेगडीवर स्टीलचं मोठं पातेलं.)

तासभर रटरटलेल्या या पातेल्यात २० लिटर वर्ट आहे. वर्ट म्हणजे बिअरचा कच्चा रस: मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं (माल्टचं) गोड पाणी, हॉप्स ही कडू फुलं घालून उकळलेलं. यीस्ट अजून पडलेलं नाही, म्हणजे दारूचा थेंबही यात नाही.

१९७८ साली जिमी कार्टर यांच्या सहीने अमेरिकेच्या केंद्र सरकारने घरी बिअर करायला मुभा दिली. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर! महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा ठरतो, तेव्हा आपण नुसतं बघायचं.

उकळी चालू असते तोवर काळजी नसते. खरी धाकधूक गॅस बंद केल्यावर सुरू होते. वर्ट साखरेने भरलेलं, कोमट झालं की हवेतल्या कुठल्याही जंतूला आयतं जेवण. शिवाय फिकट माल्टमधून एक गंधकयुक्त द्रव्य सुटत राहतं. उकळताना ते वाफेबरोबर निघून जातं. झाकण ठेवून वर्ट तसंच गरम राहिलं, तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास धरतो. म्हणून गार करायची घाई. एल जातीच्या बिअरसाठी पारा २० अंशांच्या आसपास आला की यीस्ट टाकता येतं.

ब्रुसेल्सची कॅन्टिलॉन ब्रूअरी याच्या बरोबर उलट वागते. तिथे लॅम्बिक या आंबट बिअरसाठीचं वर्ट उथळ, उघड्या तांब्याच्या हौदात रात्रभर पसरून ठेवतात, कारण त्यांना हवेतलं रानटी यीस्टच हवं असतं. तेही फक्त थंडीच्या महिन्यांत. गॅरेजमध्ये तो जुगार कुणी खेळू नये.

(जवळून: तांब्याच्या नळीचं वेटोळं वर्टमध्ये उतरतं.)

हा घरगुती चिलर, म्हणजे वर्ट गार करायचं साधन. उकळीची शेवटची पंधरा मिनिटं तो पातेल्यातच ठेवतात, म्हणजे वेगळं निर्जंतुक करायला नको. तांबं का? स्टेनलेस स्टीलच्या वीसेक पट वेगाने ते उष्णता वाहून नेतं. एका टोकाने नळाचं गार पाणी आत, दुसऱ्याने बाहेर. सुरुवातीला बाहेर पडणारं पाणी हात भाजेल इतकं कढत असतं. रबरी पाइपाची पकड आधीच घट्ट केलेली बरी.

आता हा हात बघा. वेटोळं हळूहळू हलवतोय. ते स्थिर ठेवलं तर नळीभोवतीचं वर्ट तेवढं गार होतं आणि बाकीचं तसंच तापलेलं राहतं. नुसत्या हलवण्याने बराच वेळ वाचतो, आणि पाणीही. वीस लिटर गार करायला शंभर लिटर पाणी सहज जातं. टेक्सासच्या उन्हाळ्यात तर नळालाच कोमट पाणी येतं. मग बर्फाच्या बादलीत छोटा पंप सोडून तेच पाणी फिरवतात. पाणी जपणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी सरळ चिलरच रजेवर पाठवला. उकळतं वर्ट जाड प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरायचं, हवा दाबून काढायची, बूच घट्ट लावायचं. उष्णतेनेच कॅन निर्जंतुक होतो, आणि गार होईल तेव्हा होईल. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

आता गाळ. उकळताना प्रथिनं नासलेल्या दुधासारखी फुटून गुठळ्या धरतात. गार होताना, ६० अंशांच्या खाली, आणखी एक बारीक गढूळपणा येतो. त्यात हॉप्सचा चोथा. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत चिमूटभर आयरिश मॉस हे समुद्री शेवाळ टाकलं की गुठळ्या मोठ्या होऊन लवकर खाली बसतात.

हा गाळ भोवरा करून मध्ये गोळा करायचा. आधी चिलर बाहेर काढा, नाहीतर भोवरा धरणार नाही. स्वच्छ डावाने एकाच दिशेने जोरात ढवळा, झाकण ठेवा आणि वीस मिनिटं पातेल्याला हातही लावू नका.

(वरून: फिरणारं वर्ट. गाळ मध्याकडे सरकतो.)

फिरणाऱ्या पाण्यात गाळ कडेला फेकला जायला हवा, पण तो मध्ये गोळा होतो. चहाच्या कपातली पत्तीही अशीच वागते, आणि त्याचं कारण १९२६ साली आइनस्टाइनने नद्यांच्या वळणांवर लिहिताना सांगितलं. तळाशी घर्षणाने पाण्याचा वेग कमी होतो, बाहेर ढकलणारा जोर तिथे ओसरतो. वरच्या वेगवान पाण्याने कडेला तयार केलेला दाब मग तळाचं पाणी आत रेटतो आणि गाळ त्याच्याबरोबर मध्याला येतो.

म्हणून पातेल्याची तोटी कडेला असते. ती अर्धीच उघडा. बघा, धार सोनेरी, नितळ येतेय. शेवटच्या दोन लिटरला गाळाचा ढीग ढासळतो आणि धार मातकट होते. इथे पातेलं कलतं करायचा मोह होतोच. यीस्ट टाकायच्या भांड्यात थोडा गाळ गेला तरी बिघडत नाही. त्यातली स्निग्ध द्रव्यं यीस्टच्या वाढीला उपयोगीच पडतात. सगळाच लोटला तर मात्र फेस टिकत नाही आणि बिअर लवकर शिळी लागते. आरशासारख्या वर्टसाठी तासभर झटणाऱ्यांचं मला तरी कौतुक नाही.

उरलेला गढूळ भाग काही जण काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवतात. सकाळी वर नितळलेलं वर्ट ओतून घेतात, पुन्हा उकळतात आणि पुढच्या खेपेचं यीस्ट त्यात वाढवतात.