धुऱ्यावरचं भांडण आणि मिस्सातली भाकर

नमस्कार मंडळी. आज ख्रिस्तप्रसादाबद्दल बोलतो, म्हणजे मिस्साच्या, आपल्या कॅथलिक उपासनेच्या वेळी आपण जी पांढरी पातळ भाकर घेतो ना, ती. आपल्याकडे भाकर म्हटलं की ज्वारीचीच डोळ्यासमोर येते, पण वेदीवर गव्हाचीच लागते, चर्चचा नियमच आहे तसा. नुसतं पीठ नि पाणी, हातावर ठेवली तर वजनसुद्धा कळत नाही.

आजी सांगायची, तिच्या लहानपणी आदल्या रात्री बारानंतर तोंडात पाणीही घ्यायचं नाही, मग 1964 मध्ये, मुंबईला ख्रिस्तप्रसादाची आंतरराष्ट्रीय काँग्रेस, म्हणजे मोठा मेळावा, भरली नि पोप पॉल सहावे आले त्याच वर्षी, हा उपास एका तासावर आला. आजीला काही पटलं नाही. "एका घंट्याचा कायचा उपास रे बाप्पा!"

आता माझं सांगतो. 2017 चं बोंडअळीचं साल आठवते ना, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वरून हिरवीगार नि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. त्यातच धाकट्या भावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून वाजलं, नांगराची दोन तासं इकडं का तिकडं एवढ्यावरून, नि अबोला झाला. फादर महिन्यातून एकदा बाइकवर यायचे, कोणाच्या तरी अंगणात टेबलावर चादर टाकून मिस्सा करायचे, मी जायचो पण मागं बसायचो, ख्रिस्तप्रसादाला उठायचो नाही. दीड वर्ष असंच.

मिस्सातला क्रम बघा हं. आधी आपण म्हणतो, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. पण लगेच भाकर मिळत नाही, मध्ये शांतीची खूण येते, शेजाऱ्याकडं वळून हात जोडायचे. बायबलात मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू तेच म्हणतो, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. हे मी शंभरदा ऐकलं होतं, कानावरून गेलं होतं. मग एका मिस्सात, शांतीच्या खुणेच्या वेळी, पुढं बसलेला भाऊ वळला नि त्यानं हात जोडले. बोटांना वेचणीचे ओरखडे, वाळलेल्या बोंडाची टोकं लागतात ना, तसे. माझ्याही बोटांना तेच. मीही जोडले, बोलणं काही झालं नाही.

त्या दिवशी मी भाकर घेतली नाही. मिस्सा झाल्यावर फादरला बाजूला घेऊन पापनिवेदन केलं, पुढच्या महिन्यात उठलो. व्हॅटिकन परिषदेनं ख्रिस्तप्रसादाला ख्रिस्ती जीवनाचा झरा नि शिखर म्हटलंय, शिखराचं मला जास्त समजत नाही बुवा, पण झरा कळतो, मे महिन्यात विहिरीतला गाळ काढल्याशिवाय पाझर मोकळा होत नाही. उजव्या तळव्यावर डावा हात ठेवला, फादर म्हणाले "ख्रिस्ताचं शरीर", मी म्हणालो आमेन. उजेड-बिजेड काही दिसला नाही, खरं सांगतो. भूक लागली होती, घरी येऊन पोटभर जेवलो, नि कितीतरी दिवसांनी दुपारी शांत झोप लागली.

धुऱ्याची मोजणी अजून व्हायचीच आहे. पण यंदा फवारणीचा पंप भावाकडूनच आणला, परत द्यायला गेलो तर भावसुनेनं विचारलंसुद्धा नाही, सरळ चहा ठेवला.